कडेची वस्ती

काच आधी, कागद नंतर, ही सरांची शिस्त. रोग्याचं नाव, वय, सर्जनने काय लिहून पाठवलंय, यातलं काहीही न वाचता काच मायक्रोस्कोपखाली ठेवायची, डोळ्यांना जे दिसेल ते दिसू द्यायचं आणि मगच कागद उलटायचा. आधी कागद वाचला की डोळे कागदाचंच ऐकतात, असं सर म्हणायचे. तिने ही शिस्त विद्यार्थिनी असताना पाळली, सरांची खुर्ची तिच्याकडे आली तेव्हा पाळली, आणि हाताखालची मंडळी मागे टिंगल करतात हे कळल्यावर तर जास्तच पाळली. त्या दिवशी सकाळी ट्रेमधली पहिली काच तिने तशीच उचलली. काखेतली ग्रंथी होती. अशा ग्रंथी सगळ्यांच्याच काखेत असतात, नाक्यावरच्या चौक्यांसारख्या. स्तनातला कॅन्सर घर सोडून बाहेर पडला की आधी तिथे सापडतो. म्हणून सर्जन पहिलीच चौकी काढून पाठवतो, आणि तिने फक्त एवढं सांगायचं असतं की रोग इथवर पोचलाय की नाही. एवढंच. पण पुढचं सगळं त्या एवढ्यावर असतं, कडक औषधं, केस जाणं, जन्मभर सुजलेला हात, घरातल्यांच्या झोपा. तिने काच सरकवली. ग्रंथीतल्या बारीक जांभळ्या दाण्यांची नेहमीची दाट गर्दी दिसली, आणि त्या गर्दीच्या अगदी कडेला, सालीपाशी, पेशींचं एक छोटं गोल कडं दिसलं. मध्ये पोकळी, भोवती पेशी. जे तिथे असायचं काही कारण नाही, ते. तिच्या मनाने तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला, पसरलाय. मग तिने कागद उलटला. नाव ओळखीचं वाटलं नाही. आडनाव सरांचं होतं.

नाव तिने पुन्हा वाचलं, कारण काकूंना काकूंखेरीज दुसरं नाव असेल हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती ज्या घरात राहून शिकली त्या घरात त्यांना नावाने हाक मारणारं कोणीच नव्हतं. सर ‘अगं’ म्हणायचे, दूधवाला बाई म्हणायचा, आणि विद्यार्थ्यांच्या सगळ्या पिढ्या काकू म्हणायच्या. तिने वय पाहिलं, पत्ता पाहिला. पत्त्यात तेच घर होतं, ज्याच्या मागच्या खोलीच्या खिडकीला काकूंनी स्वतः किनार शिवलेला पडदा होता. तिने पुन्हा नळीला डोळे लावले, आणि आता तेच कडं तिला वेगळं दिसू लागलं. केवढं शांत आहे हे, केवढं नीटनेटकं, सालीत गप्प बसलंय. हा रोग नव्हे, हे तर वाट चुकलेलं. आणि मग मात्र ती घाबरली, कॅन्सरला नव्हे, स्वतःला. काच तीच होती. उजेड तोच होता. मधल्या काळात फक्त एक आडनाव वाचलं गेलं होतं. मग मन आधी जे म्हणालं ते डोळ्यांनी म्हटलं की घाईने, आणि आता जे म्हणतंय ते ज्ञान की माया? आयुष्यभर याच फरकावर पगार घेतला, आणि आज तोच फरक हाताला लागेना.

वाट चुकलेल्या पेशी म्हणजे काय, हे ती शिकली तो दिवस तिला स्वच्छ आठवत होता. त्या काळी दोन तोंडांचा मायक्रोस्कोप असायचा. एका नळीला सर बसायचे, समोरच्या नळीला ती, आणि दोघांना एकच चित्र दिसायचं. त्यात एक छोटा हिरवा बाण असायचा, तो सरांच्या बोटांनी हलायचा. सर बोलायचे कमी, बाणच जास्त बोलायचा. तो एखाद्या जागी थांबला की समजायचं, इथे काहीतरी आहे आणि आपल्याला ते दिसलेलं नाही. दिसलं की ती लगेच बोलून टाकायची, बहुतेक वेळा चुकीचं, आणि बोलून झालं की अर्धी उठलेली असायची. म्हणून सरांनी तिचं नाव घाईबाई ठेवलं. ‘एक सापडलं म्हणून उठायचं नाही,’ ते म्हणायचे, ‘बस. अजून काच संपलेली नाही.’ उत्तर बरोबर आलं तरी ते तिला परत बसवायचे, आणि बाण ग्रंथीच्या कडेकडेने सावकाश फिरायला लागायचा, सगळी साल, मग सालीखालची मोकळी जागा, मग आतलं सगळं. तिला कंटाळा यायचा. पोटात भूक असायची, आणि खाली दारात काकूंचा चहाचा थर्मास आलेला असायचा, त्याचा वास जिन्यातून वर यायचा.

काकू स्वतःच चहा घेऊन यायच्या. सरांना वेळेचं भान नसायचं आणि तिला सांगायची हिंमत नसायची, म्हणून काकू येऊन तिसऱ्या स्टुलावर बसायच्या, आणि काहीच न बोलता दोघांना उठवायच्या. एकदा सर हात धुवायला गेले होते, तेव्हा काकूंनी चष्मा कपाळावर ढकलून त्यांच्या नळीत डोळा घातला. आतमध्ये अशीच एक ग्रंथी होती आणि बाण अशाच एका कड्यावर थांबलेला होता. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ही सगळी गर्दी एका तऱ्हेची आणि हे एकटंच वेगळं. इथं याचं काय काम?’ सर तेवढ्यात परत आले होते. त्यांनी वर्गात सांगावं तसं बायकोला सांगितलं. आपण पोटात असताना पेशी आपापल्या जागी चालत जातात, त्यात काही मधेच मागे राहतात, वाटेतल्या ग्रंथीच्या सालीत अडकतात, आणि तिथेच जन्मभर बसून राहतात. कुणाचं काही वाईट करत नाहीत. फक्त बघणाऱ्याची फसगत होते, तो त्यांना रोग समजतो, आणि धडधाकट बाईला नको ती औषधं देतो. काकूंनी विचारलं, मग ओळखायचं कसं? सर म्हणाले, आधी कुठे बसलंय ते बघायचं, सालीत की आत. आणि मग घराला कुंपण आहे का ते बघायचं. शहाण्या पेशींच्या कड्याभोवती बाहेरून आणखी एक पातळ रांग असते. कॅन्सरला कुंपण नसतं. काकूंनी नळीपासून डोळा काढला. ‘म्हणजे वाट चुकलेलीच म्हणायची,’ त्या म्हणाल्या. ‘मग राहू देत की. कुणाला त्रास देतायत?’ सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या वर्गात हा एक अधिकृत प्रकार होऊन बसला. काच दाखवून ते विचारायचे, ‘रोग, की राहू देत?’

राहू देत, हा काकूंचा शब्दच होता. चपलांच्या कपाटात मांजर व्यालं, तेव्हा चपला महिनाभर पायरीवर आल्या. भिंतीच्या फटीत कसलंसं रोप उगवलं, गवंडी उपटायला निघाला, तर काकू विळी टाकून धावत आल्या. आणि ती स्वतः. ती या शहरात आली तेव्हा वसतिगृहात जागा नव्हती, सरांनी तात्पुरतं म्हणून तिला घरी आणलं होतं, आणि मग तिथे जागा झाली तेव्हा ते विचारायला लागले, लोक काय म्हणतील, विद्यार्थिनी मास्तरच्या घरी. काकू पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या होत्या, राहू दे की. त्या घराला मूल नव्हतं. ही गोष्ट कोणी बोलायचं नाही. पण मागची खोली कधीतरी कशासाठीतरी रंगवलेली होती, फिका पिवळा रंग होता, आणि छताजवळ कुणीतरी हाताने काढलेली चांदण्यांची रांग होती. ती त्या चांदण्यांखाली शिकली. आजारी पडली तेव्हा काकू उशाशी बसून स्वेटर विणत होत्या, स्वेटर कुणासाठी हे तिने विचारलं नाही, आणि हिवाळ्यात तो तिच्याच अंगावर आला. अभ्यास करताना आठवण यायची ती गावची नसायची, पलीकडच्या खोलीतून येणाऱ्या शिवणयंत्राच्या आवाजाची असायची, आणि तोही पलीकडेच चालू असायचा. म्हणजे जवळ असलेल्या गोष्टीचीच आठवण. तेव्हा तिला ते वेडेपण वाटायचं. आता वाटलं, तेव्हाच तिला कळलेलं असणार की हे संपणार आहे.

तिने सरांना फोन लावला. फोन काकूंनीच उचलला, आणि तिचा आवाज ऐकून अगदी नेहमीसारख्या म्हणाल्या, ‘सापडले वाटतं मी. थांब, यांना देते.’ सर म्हणाले, काच तुझ्याकडेच येणार म्हणून ऑपरेशन तिथेच केलं. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू आधी कागद वाचला असतास. ती म्हणाली, सर, मी वाचला. काच आधी पाहिली, पण नंतर पुन्हा पाहिली. काय दिसलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘दुसऱ्या नळीला कोण आहे?’

दुसऱ्या नळीला कोणी नव्हतं. आता दोघांनी मिळून बघायचं तर सगळे पडद्यावर बघतात. दोन तोंडांचा मायक्रोस्कोप कोपऱ्यात निळ्या प्लास्टिकखाली उभा होता. आपल्या माणसाची काच एकट्याने बघायची नाही, समोर दुसरे डोळे हवेतच, ही सरांची दुसरी शिस्त. सहकारी डॉक्टर रजेवर गेले होते. तिने तसं सांगितलं. ‘मग मी येतो,’ सर म्हणाले. सरांचे डोळे गेले होते हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणजे नजरेचा मधला भाग गेला होता. समोर माणूस उभा राहिला की त्यांना त्याचा चेहरा दिसायचा नाही. कान दिसायचे, खांदे दिसायचे, दाराची चौकट दिसायची. म्हणून आताशा ते माणसाकडे तिरकं बघायचे, आणि अनोळखी लोकांना वाटायचं की हे म्हातारे रागावलेत. काकूंना त्याचीही थट्टा सुचायची. उभा जन्म समोर बसून माझ्याकडे बघितलं नाही, आता बघायचं म्हणतात तर दिसत नाही, असं त्या शेजाऱ्यांना सांगायच्या, आणि सर तिरकी मान करून हसायचे. तिने फोनवर एवढंच म्हटलं की या. टेक्निशियन बाईंना तिने त्याच ग्रंथीचे आणखी खोलवरचे काप घ्यायला सांगितले, आणि त्या कापांना तो तपकिरी रंग द्यायला सांगितला, जो फक्त कुंपणाच्या पेशींवर चढतो. सरांच्या काळी तो रंग नव्हता. तेव्हा फक्त डोळे होते आणि त्यांच्यावरचा विश्वास.

त्या रात्री ती घरी स्वयंपाक न करता बसून राहिली. खिडकीबाहेर पलीकडच्या इमारतीतले दिवे एकेक करून बंद होत गेले. तिने मनातल्या मनात कडं पुन्हा पुन्हा पाहिलं. त्याला बाहेरची रांग होती का? होती असं वाटायचं, आणि मग वाटायचं की आपण ती शिवतोय, काकू पडद्याला किनार शिवायच्या तशी. तिला काकू हव्या होत्या. इतकी साधी गोष्ट होती ती. तिला कुठल्याही वेळी, कुठल्याही निमित्ताने त्या घराची घंटा वाजवता यायला हवी होती आणि दार काकूंनीच उघडायला हवं होतं. गेल्या काही वर्षांत ती किती वेळा गेली होती तिकडे? कामं होती, मीटिंगा होत्या, पुढच्या रविवारी नक्की, असं म्हणण्यात कितीतरी रविवार गेले. पिवळ्या खोलीत आता वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवतात, असं काकू मागे म्हणाल्या होत्या. चांदण्या तशाच आहेत का, हे तिने विचारलं नव्हतं, आणि ते विचारायचं राहिलं याचंच तिला सकाळपर्यंत वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आले. सरांना एकट्याने रस्ता ओलांडता येत नव्हता, म्हणून ज्यांची काच होती त्याच त्यांना घेऊन आल्या. एक काख सांभाळत, दुसऱ्या हातात थर्मास. तिला काकूंना आत ओढून घट्ट मिठी मारावीशी वाटली, पण टाके होते. काकूंनी प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच्या बाकावर बसकण मारली. त्या म्हणाल्या, ‘आत येत नाही. माझंच घर मी काय बघायचं? तू सावकाश बघ, मी काही पळून जात नाही.’ आत तिने निळं प्लास्टिक काढलं, नळ्या पुसल्या, स्टूल सरकवलं. सर हाताने चाचपत बसले आणि सवयीने नळीची उंची नीट केली. त्यांनी डोळे लावले तेव्हा तिला वाटलं, हे नाटक आहे, दोघांनाही ठाऊक असलेलं. बाण मात्र आता तिच्या बोटांत होता, आणि ते तिला सगळ्यात अवघड गेलं.

नवी काच चढवली. कडं नव्या कापातही होतंच, सालीत, तसंच गोल. आणि त्याच्या बाहेरून तपकिरी ठिपक्यांची एक अखंड रांग होती. कुंपण. सगळीकडून. तिला हसूच आलं. ‘आहे सर,’ ती म्हणाली, ‘सालीत बसलंय आणि कुंपण आहे. राहू देत.’ सरांचे खांदे खाली आले. ती उठली. खरंच उठली, स्टूल मागे ढकलून, दाराकडे अर्धं वळून. बाहेरच्या बाकावर ती बातमी नेऊन ठेवायची होती, कधी एकदा ठेवीन असं झालं होतं. मागून सर म्हणाले, ‘बस.’

ती बसली. तिला राग आला, विद्यार्थिनी असताना यायचा तसा. तिने काच हलवायला सुरुवात केली, कडेकडेने, सावकाश, त्यांना दाखवायला नव्हे, त्यांचा मान राखायला. साल, सालीखालची मोकळी जागा, पुन्हा साल. तिचे डोळे चित्राच्या मध्यावर होते आणि मन बाकावर होतं. जांभळे दाणे सरकत होते. सर नळीत तिरके बघत होते, त्यांच्या बघण्यात मध्य नव्हताच, फक्त काठ होता. ‘थांब,’ ते म्हणाले. ‘मागे घे. जरा मागे. वरच्या बाजूला काहीतरी फिकं आहे.’ तिने मागे घेतलं. मध्यावर काही नव्हतं. मग तिने वरची बाजू खाली आणली, भिंग मोठं केलं, आणि ते दिसलं. सालीच्या लगेच खाली, मोकळ्या जागेत, काही मोठ्या फिक्या पेशी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. गोल नव्हत्या, कडं नव्हतं. बेढब, घाईने आल्यासारख्या. कालच्या कापात नव्हत्या, आज खोल गेल्यावर निघाल्या होत्या. त्यांच्याभोवती तपकिरी एक ठिपकाही नव्हता.

‘कुंपण?’ सरांनी विचारलं.

‘नाही.’

‘सालीत की आत?’

‘आत.’ तिने बाण त्यांच्यावर नेऊन ठेवला, सरांना तो दिसणार नव्हता तरी. ‘थोड्याच आहेत सर. मूठभरसुद्धा नाहीत.’

सर बराच वेळ नळीला तसेच राहिले. आता ते काय बघत होते कोण जाणे. त्यांनी उभ्या आयुष्यात जगभरच्या बायकांच्या काचांत हे शोधलं होतं, आणि आज उरलेल्या कडेच्या नजरेने ते स्वतःच्या घरात शोधून काढलं होतं. मग ते डोळे काढून ताठ बसले. ‘मलाही उठायचं होतं,’ ते म्हणाले. ‘चहाचा वास येत होता.’ एवढं बोलून त्यांनी खिशातला रुमाल काढला, नळीची काच पुसली, पुढच्या माणसासाठी पुसायचे तशी, आणि रुमाल घडी करून तसाच हातात धरून ठेवला. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. ही काच आज बघितली नसती तर या मूठभर पेशी तिथे राहून वाढल्या असत्या, हे तिला कळत होतं, आणि त्याने काही हलकं होत नव्हतं. आता नक्की ठाऊक होतं काय लिहायचं. कालचं भय मात्र गेलं होतं. पहिल्या कड्याबद्दल माया बरोबर होती, आणि पसरलाय म्हणणारी घाईही सगळी खोटी नव्हती, फक्त तिने बोट चुकीच्या घरावर ठेवलं होतं.

बाहेर काकू थर्मासचं झाकण उघडून बसल्या होत्या. दोघांचे चेहरे बघून त्यांनी झाकण परत लावलं. सर त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्याकडे तिरकी मान करून बघू लागले, म्हणजे त्यांना दिसेल तेवढं. सांगायचं तिनेच होतं. तिने सांगितलं, काही न लपवता. एक सापडलं ते वाट चुकलेलं आहे काकू, जन्मापासूनचं, त्याची काही काळजी नाही. पण त्याच्या जवळच दुसरंही सापडलं, ते मात्र आजाराचं आहे. थोडं आहे, वेळेत सापडलंय, औषधं घ्यावी लागतील, केस जातील, त्रास होईल. सरांना दिसलं ते, मला नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्या काखेकडे नाही, दारातून दिसणाऱ्या त्या जुन्या मायक्रोस्कोपकडे बघत होत्या.

‘पहिल्याला राहू देत,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘दुसऱ्याला घालवा.’

मग त्यांनी पुन्हा झाकण उघडलं आणि चहा ओतला. पहिला कप त्यांनी सरांच्या हातात दिला, त्यांची बोटं एकेक करून कपाभोवती नीट लावून दिली, रुमाल त्यांच्या मांडीवर ठेवला. दुसरा तिला दिला. औषधं कधीपासून सुरू करायची, कुणाला फोन करायचा, अहवाल आजच गेला पाहिजे, असं सगळं मनात धावत होतं, आणि ती उभ्या उभ्याच घोट घ्यायला लागली. काकूंनी बाकावर आपल्या शेजारची जागा हाताने पुसली, दुखऱ्या बाजूची.

‘पिवळी खोली रिकामी करून घेते,’ त्या म्हणाल्या. ‘मला न्यायला-आणायला कोणीतरी घरात लागेल. आणि उभ्याने काय पितेस, बस की, घाईबाई.’

ती बसली.